केर्न्सजवळ स्वस्तात मुक्काम हवा, तर घाट चढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेली मराठी कुटुंबे आणि त्यांच्याकडे चार-सहा महिन्यांसाठी गेलेले आईवडील आता कॅम्परव्हॅन (आत झोपायची सोय असलेली गाडी) भाड्याने घेऊन किंवा मोटारीमागे कॅराव्हॅन (ओढत न्यायची चाकांवरची खोली) जोडून सहली करू लागले आहेत. ग्रेट बॅरिअर रीफ हा समुद्रातला प्रवाळांचा पट्टा पाहायचा म्हणून त्यातली बरीच मंडळी उत्तर क्वीन्सलंडमधल्या केर्न्स शहरात येतात. येताना एक समज मनात पक्का असतो: झोपायला गाडी आहे, म्हणजे मुक्कामाचा खर्च मिटला, रात्री समुद्रकिनारी गाडी लावली की झाले. केर्न्समध्ये हा समज महागात पडतो. तरीही या शहराच्या शंभरेक किलोमीटरच्या परिसरात अगदी थोडक्या पैशांत राहण्याच्या चांगल्या जागा आहेत. त्या कुठे आहेत, कधी मिळतात आणि तिथे काय बिघडते, हे मराठी वाचकांना नेमके कळावे म्हणून हे पत्र.

आधी शहराचे. रस्त्याकडेला, एस्प्लनेडवर (समुद्राकडेच्या मुख्य रस्त्यावर) किंवा ट्रिनिटी बीच, पाम कोव्ह अशा उत्तरेकडच्या किनाऱ्यांवर गाडीत झोपायला मनाई आहे. पुढे पोर्ट डग्लसलाही तोच प्रकार. महापालिकेचे रेंजर उजाडण्याआधी फेरी मारतात, दारावर टकटक होते आणि जागेवरच दंडाची पावती हातात पडते. पडदे ओढून दिवे मालवले की कोणाला कळणार नाही, असे वाटते. पण आत दोन माणसे रात्रभर झोपली की काचा आतून घामेजतात आणि ते बाहेरून टॉर्चच्या उजेडात लगेच दिसते. दंडाची रक्कम कॅराव्हॅन पार्कच्या, म्हणजे पैसे भरून गाडी लावून राहण्याच्या जागेच्या, कित्येक रात्रींच्या भाड्याएवढी असते. तेव्हा शहरात राहायचेच असेल, तर पार्कमध्ये रीतसर पैसे भरून राहावे. हंगामात दोघांसाठी वीजजोड असलेल्या जागेला रात्रीचे साधारण ५० ते ८० डॉलर पडतात.

आता हे पैसे आपण नेमके कशासाठी मोजतो ते पाहा. संडास-बाथरूम आणि पाणी इतरत्रही मिळते. वीजजोड घेतला जातो तो एसीसाठी, कारण केर्न्सची रात्र दमट असते आणि पत्र्याची गाडी दिवसभर तापलेली असते. बॅटरीवर एसी चालवण्याचा विचार सोडून द्यावा. गाडीच्या छपरावरचा एसी चालू असताना सव्वा-दीड किलोवॉट खातो. १०० अँपिअर-तासांच्या (हे बॅटरीत साठणाऱ्या विजेचे माप) लिथियम बॅटरीत १.२८ किलोवॉट-तास वीज असते. इन्व्हर्टरमधली घट धरली तर पाऊण-एक तासात बॅटरी रिकामी. एसी रात्रीच्या आठ तासांपैकी निम्मा वेळच चालला असे धरले, तरी साडेचारशेच्या आसपास अँपिअर-तास लागतात, आणि तेवढ्या बॅटऱ्या भाड्याच्या गाडीत कधीच नसतात. याउलट १२ व्होल्टचा छोटा पंखा अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी घेतो. रात्रभर चालून चार अँपिअर-तास. पंख्यावर झोप लागेल अशा हवेत मुक्काम केला, तर वीजजोड लागत नाही, आणि वीजजोड लागत नसला की पार्कही लागत नाही. उष्ण कटिबंधातल्या शहराजवळ स्वस्तात राहण्याचे सारे गणित या एका गोष्टीवर चालते.

ती हवा घाटमाथ्यावर मिळते. केर्न्सच्या पाठीशी उभ्या असलेल्या डोंगररांगेवर अॅथर्टन टेबललँड्स नावाचे पठार आहे. मरीबा साधारण ४०० मीटर उंचीवर, अॅथर्टन आणि मलांडा ७५० मीटरच्या आसपास आणि रेव्हनशू ९०० मीटरच्या वर. अॅथर्टनला किनाऱ्यापेक्षा चार-पाच अंश तरी थंड असते. जून ते ऑगस्टमध्ये तिथे पहाटे दहा-बारा अंशांपर्यंत उतरते, रेव्हनशूला त्याहून खाली. केर्न्समध्ये एसीसाठी पैसे मोजणारा माणूस दीड तासाच्या अंतरावर रजई शोधतो. बॅगेत एक जाड पांघरूण असू द्या. भाड्याच्या गाडीतले पातळ असते.

पठारावरही सगळीकडे एकसारखी हवा नाही, आणि नवखे लोक इथेच फसतात. आग्नेयेकडून येणारे वारे समुद्रावरची वाफ आणून बार्टल फ्रिअर आणि बेलेंडेन कर या डोंगरांवर आदळतात. त्यामुळे पायथ्याच्या बाबिंडा गावात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, केर्न्समध्ये सुमारे दोन हजार, तर घाटापलीकडच्या मरीबात हजाराच्याही आत. महाबळेश्वर आणि वाई यांच्यात जो फरक, तोच इथे. मलांडा, मिला मिला हा पठाराचा पूर्व भाग ऐन कोरड्या ऋतूतही झिमझिम पावसात राहतो. हिरवागार, सुंदर, पण ओले टॉवेल तीन दिवस वाळत नाहीत आणि सौर पॅनेलला ऊन मिळत नाही. धबधबे पाहायला पूर्वेला जावे आणि मुक्कामाला पश्चिमेकडे, म्हणजे टोल्गा-मरीबाच्या बाजूला परत यावे.

जागा सांगतो. टोल्गा आणि मरीबा यांच्यामध्ये केनेडी हायवेला लागूनच रॉकी क्रीक वॉर मेमोरियल पार्क आहे. दुसऱ्या महायुद्धात इथे मोठे लष्करी रुग्णालय होते. न्यू गिनीच्या आघाडीवरून येणारे जखमी आणि मलेरियाचे रुग्ण इथे ठेवत. आज तिथे स्मृतिशिळा आहेत आणि त्यांच्या शेजारच्या मैदानात कॅराव्हॅनना तीन रात्रींपर्यंत राहता येते. भाडे म्हणून दानपेटी. संडास आहे, शॉवर धरून चालू नये, म्हणजे अंघोळीची सोय आपली आपण करायची. जमीन सपाट आणि बरीच मोकळी, त्यामुळे पॅनेलला ऊन मिळते. रस्ता जवळ असल्याने ट्रकचा आवाज येतो. मैदानाच्या आतल्या टोकाला जागा धरावी.

माउंट मॉलॉय गावाजवळ रायफल क्रीकचा विसावा थांबा आहे. तिथे दोन रात्री राहू देतात, गावकरी जागेची निगा ठेवतात आणि दानपेटीत टाकलेल्या पैशांवर ती चालते. पक्षी पाहणाऱ्यांनी हा थांबा चुकवू नये. मरीबाच्या रोडिओ (उधळत्या घोड्या-बैलांवर बसण्याच्या स्पर्धांच्या) मैदानावर मोजक्या पैशांत भरपूर जागा मिळते; मात्र जुलैत तिथे रोडिओ भरतो, त्या सुमारास ते वाटसरूंसाठी नसते. इतर गावांतल्या शोग्राउंडचेही असेच. शोग्राउंड म्हणजे तालुक्याच्या कृषी प्रदर्शनाचे मैदान. वर्षातला एखादा आठवडा सोडला तर रिकामे, आणि त्या रिकाम्या दिवसांत स्वस्त मुक्कामाला उत्तम.

टिनारू तलावाच्या काठी डॅनबुलाच्या जंगलात राज्य सरकारचे मुक्कामाचे पाच तळ आहेत: प्लॅटिपस, डाउनफॉल क्रीक, कौरी क्रीक, स्कूल पॉइंट आणि फाँग-ऑन बे. आमच्या मते केर्न्सच्या परिसरात पैशाच्या मानाने याहून चांगला मुक्काम नाही. भाडे माणशी रात्रीचे सात-आठ डॉलर. पण परवाना आधी ऑनलाइन घ्यावा लागतो. जाऊन पैसे देऊ, असे चालत नाही. वाटेत मोबाइलची रेंज जाते, म्हणून परवाना अॅथर्टन किंवा यंगाबुरा सोडण्याआधीच काढावा. जळणासाठी जंगलातले लाकूड उचलायचे नाही, कुत्रे-मांजर न्यायचे नाही. कोणत्या तळावर किती मोठी गाडी वळते, हे परवान्याच्या पानावर दिलेले असते आणि ते खरेच वाचावे, कारण लांब कॅराव्हॅन घेऊन आत गेल्यावर वळवायला जागा नसली की जोड सोडून हाताने ढकलण्याखेरीज मार्ग उरत नाही. तिथल्या रस्त्याचा काही भाग मातीचा आहे, त्याबद्दल पुढे लिहितो.

रेव्हनशूच्या पश्चिमेला आर्चर क्रीकवर राज्याच्या रस्ते खात्याचा थांबा आहे. अशा सरकारी थांब्यांवर क्वीन्सलंडमध्ये साधारणपणे २० तासांची मर्यादा असते. हे थांबे थकलेल्या चालकासाठी आहेत. खुर्च्या मांडून, गाडीच्या बाजूचा कापडी मांडव ताणून संसार थाटू नये. शेजारी फक्त ट्रकसाठी राखलेली जागा असेल, तर तिथे चुकूनही गाडी लावू नये. रात्री दोनला आलेल्या ट्रकचालकाला जागा मिळाली नाही, तर तो झोपेशिवाय पुढे जातो, आणि त्याच रस्त्यावर सकाळी आपली मुले असतात.

घाटाखाली राहायचेच तर बाबिंडा. केर्न्सपासून दक्षिणेला ६० किलोमीटर, ब्रूस हायवेवर. गावाजवळच्या रोटरी पार्कात थोड्या डॉलरांत राहता येते, नाणे टाकून गरम पाण्याचा शॉवर मिळतो. १ आणि २ डॉलरची नाणी जपून ठेवा, कार्ड तिथे कामाचे नाही. गावापासून आत सहा-सात किलोमीटरवर बोल्डर्स येथे महापालिकेचा छोटासा तळ आहे. तिथे पैसे पडत नाहीत, पण जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. जुलैत दुपारच्या आत सगळ्या भरतात. सकाळी नऊ-दहाला लोक निघतात, तेव्हा पोहोचावे. बोल्डर्सचे पाणी इतके नितळ आहे की मुले थांबत नाहीत. पोहण्यासाठी आखून दिलेल्या डोहातच उतरावे. खालच्या अंगाला डेव्हिल्स पूल नावाची खडकांतली घळ आहे. वर पाणी शांत दिसते, खाली खडकांच्या कपारींतून ओढ जबरदस्त असते आणि तिथे अनेक तरुण जिवानिशी गेले आहेत. कठड्याच्या पलीकडे एकही पाऊल टाकू नका, फोटोसाठी तर मुळीच नाही.

घाट कोणता चढायचा, हा प्रश्न कॅराव्हॅन ओढणाऱ्यांसाठी मुक्कामाच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा. गॉर्डनव्हेलहून यंगाबुराला जाणारा गिलीज घाट नकाशात जवळचा दिसतो, म्हणून जीपीएस तोच सुचवतो. १९ किलोमीटरमध्ये २६३ वळणे आणि सुमारे ८०० मीटर चढ. कॅराव्हॅन घेऊन तिथे जाऊ नये. वळणावर मागचे चाक समोरच्याच्या बाजूला जाते. कुरांडा घाट रुंदीला बरा, पण वर्दळीचा. एखादा अपघात झाला की तासन्‌तास बंद. जड गाडीसाठी सगळ्यात सरळ वाट म्हणजे इनिसफेलहून मिला मिलाला जाणारा पामर्स्टन हायवे. अंतर वाढते, पण इंजिन आणि ब्रेक दोन्ही शाबूत राहतात. उतरताना ब्रेकवर पाय ठेवून उतरू नये. चढताना जो गिअर लागला असता, त्याच गिअरमध्ये उतरावे. ब्रेक तापून त्यांचा जोर कमी होऊ लागला की पेडल मऊ लागते आणि जळका वास येतो. तसे झाले तर बाजूला घेऊन अर्धा तास थांबावे, चाकांवर पाणी ओतू नये.

ओढायच्या गाडीचे वजन घरीच पाहावे. एकूण वजन ७५० किलोंच्या वर असेल, तर तिला स्वतःचे ब्रेक हवेत. २००० किलोंच्या वर असेल, तर सगळ्या चाकांना ब्रेक आणि जोड तुटल्यास आपोआप लागणारी यंत्रणा हवी. जोडावर येणारा भार एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास ठेवावा. तो फार कमी झाला की गाडी शेपटी हलवू लागते. ८० लिटरची टाकी भरली म्हणजे ८० किलो वजन वाढले. घाट चढताना गरजेपुरतेच पाणी ठेवा आणि वरच्या गावात भरून घ्या.

पाण्याचा हिशेब: पिणे, स्वयंपाक आणि भांडी धरून दोन माणसांना दिवसाला २० लिटर पुरतात, अंघोळ वेगळी. अंघोळ गावोगावच्या सार्वजनिक जलतरण तलावावर होते. चार-सहा डॉलरांत पोहणे आणि शॉवर दोन्ही. केर्न्समध्ये एस्प्लनेडवरचा लगून (पोहण्यासाठी बांधलेला तलाव) सगळ्यांना मोफत आहे आणि तिथे शॉवरही आहेत. ओढ्याचे पाणी स्वच्छ दिसले तरी उकळूनच प्यावे. पोळीभाजी करणाऱ्यांना भांड्यांचे पाणी जास्त लागते, हे खरे. तेलकट कढई आधी कागदाने पुसून मग धुतली, तर निम्मे पाणी वाचते.

सांडपाण्याबद्दल मात्र कळकळीने लिहावेसे वाटते. मोफत तळ बंद पडतात ते बहुतेक वेळा घाणीमुळे. बेसिनचे पाणी झाडाखाली सोडायचे नाही; २०-२५ लिटरचा डबा गाडीखाली ठेवून त्यात घ्यायचे. कॅसेट टॉयलेटची (गाडीतल्या संडासाची, काढून नेता येणारी) पेटी १८-२० लिटरची असते आणि दोन माणसांना तीन-चार दिवस जाते. ती फक्त डम्प पॉइंटवरच, म्हणजे मैला ओतण्यासाठी ठेवलेल्या जागीच, रिकामी करायची. तळावरच्या संडासात ओतली, तर पेटीतल्या रसायनाने तिथल्या सेप्टिक टाकीतले जिवाणू मरतात, टाकी तुंबते आणि महिन्याभरात त्या जागी ‘मुक्कामास मनाई’चा फलक लागतो. डम्प पॉइंटजवळचा नळ पेटी विसळण्यासाठी असतो. लोक त्याच्या तोंडाला पेटी लावतात, म्हणून पिण्याचे पाणी तिथे भरू नये. पिण्याचा नळ वेगळा आणि तसे लिहिलेला असतो. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. ते राबवणाऱ्यांनी चकचकीत पार्कच्या आधी प्रत्येक तालुक्याच्या गावी एक डम्प पॉइंट आणि एक पिण्याचा नळ दिला, तर कोकणातही लोक कमी पैशांत आणि स्वच्छपणे राहू शकतील. उत्तर क्वीन्सलंडमधल्या लहान गावांनी हेच केले. गाड्या थांबतात, आणि थांबलेला माणूस गावातच ब्रेड, भाजी, डिझेल घेतो.

फ्रिजबद्दल दोन शब्द. गॅसवर चालणारे जुने फ्रिज ३५ अंशांच्या वर दमतात आणि गाडी तिरकी असली की थंडच करत नाहीत. गाडी समतल करायला चाकाखाली ठोकळे ठेवा, आणि फ्रिजची बाहेरची जाळी सावलीच्या बाजूला येईल अशी गाडी लावा. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला फ्रिज उकाड्यात दिवसाला ४० ते ६० अँपिअर-तास घेतो. भाड्याच्या गाडीत बहुधा १०० अँपिअर-तासांची साधी बॅटरी असते, तिचा निम्माच भाग वापरायचा. म्हणजे एका जागी एक दिवस, मग दोन-तीन तास गाडी चालवून चार्ज. स्वतःची गाडी असेल, तर २०० वॉटचे पॅनेल कोरड्या ऋतूत उघड्यावर ५०-६० अँपिअर-तास देते. जंगलाच्या सावलीत जवळजवळ काही नाही. नातेवाइकांच्या अंगणात कॅराव्हॅन लावणाऱ्यांसाठी एक इशारा: कॅराव्हॅनच्या प्लगची अर्थिंगची पट्टी रुंद असते, कारण तो १५ अँपिअरचा आहे आणि घरातल्या १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये जात नाही. काही जण ती कानसीने घासून बसवतात. तसे कदापि करू नये, वायर तापून आग लागते. सर्किट ब्रेकर असलेला तयार जोड दुकानात मिळतो, तो घ्यावा.

केव्हा यावे? आपल्याकडची मे महिन्याची सुट्टी इथे उत्तम. पावसाळा नुकताच सरलेला, ओढे भरलेले आणि दक्षिणेकडून थंडी टाळायला येणाऱ्या निवृत्त लोकांची गर्दी अजून सुरू व्हायची असते. जूनअखेर ते ऑगस्ट गर्दीचा काळ. दिवाळीच्या सुट्टीत कोरडे असते, पण उकाडा वाढलेला. तेव्हा किनारा सोडून पठारावरच राहावे. नाताळच्या सुट्टीत मात्र स्वस्त मुक्कामाचा बेत आखू नये. डिसेंबर ते मार्च हा पावसाचा आणि चक्रीवादळांचा काळ आहे. डिसेंबर २०२३ मध्ये जास्पर चक्रीवादळानंतर केर्न्सजवळ बॅरन नदीला विक्रमी पूर आला आणि शहराचे रस्ते तुटले. पावसाळ्यात गवताचे मैदान रात्रीतून चिखल होते. इंजिनाच्या जोरावर फिरणारी चाके खडीवर राहतील अशीच गाडी लावावी आणि तोंड बाहेर पडण्याच्या दिशेला ठेवावे. मांडवाचा एक पाय वीतभर खाली ठेवावा, नाहीतर मध्ये पाणी साचून कापड फाटते. रस्त्यावरून पाणी वाहत असेल, तर ते किती खोल आहे हे आजमावायला जाऊ नये, परत फिरावे.

समुद्रात नोव्हेंबर ते मे जीवघेणे जेलीफिश असतात. जाळी लावलेल्या भागातच पोहावे. किनाऱ्याजवळच्या खाड्या आणि ओढ्यांत खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात, त्यामुळे पाण्याच्या कडेपासून किमान ५० मीटर दूर मुक्काम करावा, मासे काठावर साफ करू नयेत आणि खरकटे पाण्यात टाकू नये. वर्षावनातल्या तळांवर पांढऱ्या शेपटीची मोठी घूस फिरते. तिचे दात नारळ फोडतात. प्लॅस्टिकचा डबा कुरतडून ती रात्रीत शेंगदाणे संपवते आणि गाडीच्या वायरीही तोडते. खाणे आत, कडीबंद ठेवा. पायवाटेच्या कडेला हृदयाच्या आकाराची, बारीक लव असलेली मोठी पाने दिसली, तर हात लावू नका. तो गिंपी-गिंपी, त्याची लव कातडीत रुतून महिनोन्‌महिने ठणकते.

भारतातून येणाऱ्यांनी दुधाचे पदार्थ, ताजी फळे, कढीपत्ता, बी-बियाणे आणू नयेत, आणि मसाले, पीठ, लोणचे जे काही असेल ते विमानातल्या कार्डावर लिहावे. लपवल्यास दंड मोठा आहे. आणण्याची गरजही नाही. टोल्गाला शेंगदाणे पिकतात, इनिसफेलच्या रस्त्यावर केळी घेऊन पेटीत नाणी टाकायची सोय असते, बटाटे पठारावरचेच.

पैशाचा ताळा असा. दोघे जण सात रात्री शहरातल्या पार्कमध्ये राहिले, तर ६० डॉलरच्या दराने ४२० होतात. त्याऐवजी पहिली रात्र शहरात, मग रॉकी क्रीकला दोन, डॅनबुलाला दोन आणि बाबिंडाला दोन, असे केले, तर दानपेटीत हात आखडता न घेताही दीडशेच्या आत भागते. मात्र एक चूक हा सगळा फायदा घालवते, ती म्हणजे पठारावर राहून रोज केर्न्सला ये-जा करणे. अॅथर्टनहून जाऊन-येऊन १८० किलोमीटर होतात. कॅम्परव्हॅन त्यात वीसेक लिटर इंधन पिते, म्हणजे पार्कच्या भाड्याची बरीचशी बचत गेलीच. शिवाय रीफच्या बोटी सकाळी आठच्या सुमारास सुटतात. रीफचा दिवस शहरातल्या मुक्कामाला जोडून ठेवावा किंवा बाबिंडाहून लवकर निघावे. तारखांची घाई नसेल, तर गाडी परत पोहोचवण्याच्या योजनाही पाहाव्यात: दक्षिणेकडून आलेल्या गाड्या केर्न्समध्ये साठतात, तेव्हा त्या ब्रिस्बेन-सिडनीला न्यायला कंपन्या दिवसाला एक डॉलर इतक्या कमी दरातही देतात. दिवस मोजके मिळतात, तेवढी अट पाळावी लागते.

जागांचे नियम आणि दर बदलत राहतात. विकीकॅम्प्ससारख्या अॅपवर जागा पाहताना तारे मोजू नका, शेवटच्या अभिप्रायाची तारीख पाहा. सहा महिन्यांपूर्वीचा असेल, तर विश्वास ठेवू नका आणि तळावरचा फलक सांगेल तेच खरे धरा. नकाशे आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा.

गाडी ताब्यात घेताना कराराची तीन कलमे काउंटरवरच वाचून घ्यावीत: मातीच्या रस्त्यावर विमा चालतो का आणि किती किलोमीटर (डॅनबुलाचा बेत यावरच ठरतो), छप्पर आणि खालच्या भागाची नुकसानी कोणाकडे, आणि अंधार पडल्यावर शहराबाहेर गाडी चालवायला परवानगी आहे का. बहुतेक कंपन्या शेवटची परवानगी देत नाहीत, कारण तिन्हीसांजेला वॉलबी (लहान कांगारू) रस्त्यावर येतात. गॅसची टाकी भरलेली, कॅसेट रिकामी, पाण्याची नळी आणि समतल करायचे ठोकळे जागेवर आहेत का, ते तिथेच तपासावे. विमान दुपारी तीननंतर उतरत असेल, तर त्या दिवशी घाट चढू नका. पहिली रात्र केर्न्सच्या पार्कमध्ये पैसे देऊन काढा, बॅटरी आणि टाकी पूर्ण भरून घ्या आणि सकाळी आठच्या आत निघा, म्हणजे रॉकी क्रीकची आतल्या टोकाची जागा मिळते.

कळावे,
आपले विश्वासू,
उत्तर क्वीन्सलंडमध्ये कॅराव्हॅनने फिरणारे मराठी वाचक